समीकरणे पाठ करू नका, मोजा





सहामाही परीक्षेनंतरच्या पालकसभेत दहावीच्या एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटले. अगदी कळकळीने म्हणाले, "मॅडम, बोर्डात येण्यासारखी पंचवीस-तीस रासायनिक समीकरणं एका कागदावर छापून द्या. आम्ही घरी रोज संध्याकाळी पाठ करवून घेतो." दिवसभर दुकान सांभाळून रात्री मुलाला घेऊन बसण्याची तयारी दाखवणारे वडील सगळ्यांना मिळत नाहीत, म्हणून त्यांना नाही म्हणताना मला वाईट वाटले. पण मी तो कागद दिला नाही. का दिला नाही, ते त्या गर्दीत नीट सांगता आले नाही. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या निमित्ताने आपल्या सगळ्यांसाठी.

आधी छपाईबद्दल एक खुलासा. आपली पत्रिका संपूर्ण देवनागरीत निघते, म्हणून मूलद्रव्यांची चिन्हेही मी इथे देवनागरीत लिहीत आहे. सूत्रातला जो लहान अंक खाली लिहितात तो अक्षराला चिकटून छापला आहे, आणि रेणूंची संख्या सांगणारा पुढचा अंक जागा सोडून छापला आहे. म्हणजे "२ एच२ओ" याचा अर्थ पाण्याचे दोन रेणू. मुलांनी मात्र वहीत चिन्हे रोमन लिपीतच लिहावीत. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसतात आणि रसायनात ती फार महत्त्वाची असतात. मोठ्या सी नंतर लहान ओ लिहिला तर तो कोबाल्ट धातू, आणि दोन्ही अक्षरे मोठी लिहिली तर तो कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. या लेखात "सीओ" म्हणजे दर वेळी कार्बन मोनॉक्साइडच समजावे.

आता मूळ मुद्दा. सहामाहीच्या पेपरात एक सोपा प्रश्न होता : हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जळून पाणी तयार होते, याचे संतुलित समीकरण लिहा. अनेक मुलांनी लिहिले :

एच२ + ओ२ → एच२ओ२

पेपर वाटल्यावर एक मुलगी माझ्याकडे आली. "मॅडम, डावीकडे दोन एच, दोन ओ. उजवीकडे पण दोन एच, दोन ओ. दोन्ही बाजू बरोबर आहेत, मग मार्क का कापले?" प्रश्न अगदी योग्य होता आणि मला तो आवडला. तिची मोजणी चुकली नव्हती. चुकला होता तो पदार्थ. एच२ओ२ म्हणजे पाणी नव्हेच, तो हायड्रोजन पेरॉक्साइड. केमिस्टकडे जखम धुवायला मिळतो, पार्लरमध्ये केसांचा रंग उडवायला वापरतात. तहान लागलेल्या माणसाला तो देता येणार नाही. दोन्ही बाजू जुळवण्यासाठी तिने पाण्याचे पाणीपणच बदलून टाकले होते.

इथेच पाठांतराचा दोष दिसतो. ज्याने समीकरण पाठ केले आहे, तो परीक्षेत एखादा अंक विसरला की जिथे सापडेल तिथे अंक बसवतो. त्याला वाटते, अंक म्हणजे अंक, पुढे काय आणि खाली काय. खरे तर या दोन अंकांचे काम अगदी वेगळे आहे. आपल्या इंदूरचेच उदाहरण घेऊ. समजा एखाद्या दुकानात पोहे-जिलेबीची प्लेट ठरलेली आहे : पोहे एक, जिलब्या दोन. तुम्हाला चार जिलब्या हव्या असतील तर दोन प्लेटी मागवा, पोहेही दोन येतील. "एकाच प्लेटीत चार जिलब्या घाला" असे म्हटले तर ती प्लेट दुसरीच झाली. सूत्रातला खालचा अंक म्हणजे प्लेटीत काय-काय आहे ते. तो निसर्गाने ठरवलेला आहे, आपण त्याला हात लावायचा नाही. पुढचा अंक म्हणजे किती प्लेटी. तेवढाच आपल्या हातात.

आता पाण्याचे समीकरण पुन्हा बघा. एच२ + ओ२ → एच२ओ. उजवीकडे ओ एकच आहे आणि डावीकडे दोन. दोन ओ हवेत म्हणून पाण्याच्या दोन प्लेटी मागवल्या : २ एच२ओ. ओ जुळले, पण आता उजवीकडे एच चार झाले. मग डावीकडे हायड्रोजनच्या दोन प्लेटी : २ एच२. झाले :

२ एच२ + ओ२ → २ एच२ओ

दोन्हीकडे चार एच, दोन ओ. पाणी पाणीच राहिले.

ज्यांचे मार्क कापले गेले त्यांनी फार खट्टू होऊ नये. इंग्लंडचा जॉन डाल्टन, ज्याने १८०८ साली आपला अणुसिद्धांत पुस्तकरूपाने मांडला, तो पाण्याचे सूत्र एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असेच मानत होता. ऑक्सिजन वायूत दोन-दोन अणू जोडीने राहतात हेही त्याला मान्य नव्हते. इटलीच्या अव्होगाद्रोने १८११ साली योग्य दिशा दाखवली, तरी ती सर्वांच्या गळी उतरायला १८६० उजाडले. त्या वर्षी जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि कॅनिझारोच्या मांडणीमुळे हा घोळ हळूहळू मिटला. तोपर्यंत एकाच पदार्थाची सूत्रे वेगवेगळे लोक वेगवेगळी लिहीत. म्हणजे जी गोष्ट पन्नास वर्षे मोठमोठ्या विद्वानांना नीट कळली नव्हती, ती आपण दहावीच्या पोरांना पहिल्याच प्रकरणात विचारतो. थोडी सहानुभूती हवीच.

आपल्या मुलांच्या वाटेत आणखी एक खास खड्डा आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या मुलांच्या वाटेत नाही. तो भाषेचा. मराठीत "अणू" म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, आणि अणू जोडून बनतो तो "रेणू". हिंदीत पहिल्याला "परमाणु" म्हणतात आणि दुसऱ्याला "अणु". शब्द तोच, पण एका भाषेत तो वीट आहे आणि दुसरीत भिंत! मी स्वतः यात पडलेली आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे बीएस्सीपर्यंत सगळे हिंदीतून. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी "ऑक्सीजन के एक अणु में कितने परमाणु होते हैं" हा प्रश्न मला कोड्यासारखा वाटला होता, कारण घरी आजोबांच्या जुन्या मराठी पुस्तकात अणू म्हणजे अणूच होता, त्याच्या आत आणखी काही मोजायचे ते कसे? हिंमत करून विचारले असते तर दोन मिनिटांचे काम होते. मी विचारले नाही, आणि कितीतरी दिवस नुसते घोकत राहिले.

असाच दुसरा शब्द "क्षार". मराठी पुस्तकात आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार तयार होतो. हिंदीत त्याला "लवण" म्हणतात, आणि "क्षार" हा शब्द आम्लाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे आपल्या अल्कलीसाठी वापरतात. तेव्हा घरी आजी-आजोबा किंवा आई-बाबा मराठीतून समजावत असतील तर फार चांगले, पण सुरुवातीला एवढे जरूर विचारावे : "बाळा, तुझ्या पुस्तकात याला काय म्हणतात?" या लेखात मी मराठी अर्थच धरला आहे, अणू म्हणजे परमाणु.

दोन्ही बाजू जुळायलाच हव्यात, हा हट्ट कशासाठी? तर रासायनिक अभिक्रियेत अणू नवे जन्मत नाहीत आणि नष्टही होत नाहीत. फक्त त्यांच्या जोड्या मोडतात आणि नव्या जुळतात. फ्रान्सच्या लाव्हाझिएने बंद भांड्यांत पदार्थ तापवून, आधी आणि नंतर वजन करून ही गोष्ट पक्की केली आणि १७८९ च्या आपल्या ग्रंथात मांडली. तो पेशाने करवसुलीच्या व्यवहारात होता, जमाखर्च त्याच्या हाताखालून जात असे. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू जुळलीच पाहिजे, ही सवय त्याला रसायनातही उपयोगी पडली असावी, असे मला आपले वाटते. त्याच वसुलीच्या कामापायी पुढे क्रांतीच्या काळात, १७९४ साली, त्याचा शिरच्छेद झाला.

आता एक मोठे समीकरण करू, आणि ते प्रयोगशाळेतले नको, स्वयंपाकघरातले घेऊ. आपल्या गॅसच्या टाकीत मुख्यतः ब्यूटेन आणि प्रोपेन असतात. सोयीसाठी सगळे ब्यूटेनच धरू. त्याचे सूत्र सी४एच१०. जळल्यावर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते :

सी४एच१० + ओ२ → सीओ२ + एच२ओ

कुठून सुरुवात करावी? मुले बहुधा ऑक्सिजनपासून सुरू करतात आणि गोंधळतात. ऑक्सिजन शेवटी घ्या. तो डावीकडे एकटा उभा आहे, त्याच्या पुढचा अंक बदलला तरी दुसऱ्या कोणाला धक्का लागत नाही. उजवीकडे मात्र तो दोन ठिकाणी वाटला गेला आहे. म्हणून आधी कार्बन : डावीकडे चार, तर उजवीकडे ४ सीओ२. मग हायड्रोजन : डावीकडे दहा, पाण्याच्या एका रेणूत दोन, तर ५ एच२ओ. आता उजवीकडचे ऑक्सिजन मोजा : आठ आणि पाच, तेरा. पण डावीकडे ऑक्सिजन जोडीनेच येतो आणि तेरा ही विषम संख्या. साडेसहा जोड्या होतात. अर्धा रेणू काही नसतो, म्हणून सगळेच दुप्पट करा :

२ सी४एच१० + १३ ओ२ → ८ सीओ२ + १० एच२ओ

तपासा. कार्बन आठ-आठ, हायड्रोजन वीस-वीस, ऑक्सिजन सव्वीस आणि सोळा अधिक दहा सव्वीस. हे तपासणे कधीही सोडू नये. पेपरात त्याला अर्धा मिनिट लागतो.

आता हे समीकरण आपल्याला काय सांगते ते बघा, कारण पाठांतर करणारा इथपर्यंत कधी पोहोचतच नाही. अणुवस्तुमाने कार्बन १२, हायड्रोजन १, ऑक्सिजन १६ धरून हिशेब केला तर ५८ ग्रॅम ब्यूटेनला २०८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. तेवढा पूर्ण जळायला जवळजवळ ५१ किलो ऑक्सिजन लागेल, आणि त्यातून सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाणी तयार होईल. बेरीज करून पाहा : १४.२ आणि ५१ म्हणजे ६५ किलोच्या वर थोडे, आणि ४३ आणि २२ म्हणजे ६५. (थोडा फरक पूर्णांक केल्यामुळे.) म्हणजे एक टाकी संपेपर्यंत आपल्या स्वयंपाकघराच्या हवेत बादलीभर पाणी मिसळलेले असते! थंडीत खिडकी बंद ठेवून स्वयंपाक केला की काचांवर जे पाणी दिसते, ते सगळेच काही भाजीच्या वाफेचे नसते.

आणि आता ज्यासाठी मी हे उदाहरण निवडले ते. वायूंच्या बाबतीत पुढचे अंक आकारमानही सांगतात. एक भाग ब्यूटेनला साडेसहा भाग ऑक्सिजन हवा. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणजे हवा लागेल जवळजवळ ३१ भाग. एक लिटर गॅसला ३१ लिटर हवा. खोली लहान असेल, दारे-खिडक्या बंद असतील, तर ही हवा येणार कुठून? हवा कमी पडली की ज्योत विझतेच असे नाही. ती दुसऱ्या समीकरणाने जळू लागते :

२ सी४एच१० + ९ ओ२ → ८ सीओ + १० एच२ओ

हेही मोजा. कार्बन आठ-आठ, हायड्रोजन वीस-वीस, ऑक्सिजन अठरा-अठरा. हेही संपूर्ण संतुलित आहे. निसर्गाचा हिशेब दोन्हीकडे चोख आहे. फक्त तेराच्या जागी नऊ आले, आणि सीओ२ च्या जागी सीओ. प्रत्यक्षात दोन्ही अभिक्रिया कमी-अधिक प्रमाणात एकदमच चालतात, पण हवा जितकी कमी तितका सीओ जास्त. या वायूला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर येणारा वास त्यात मुद्दाम मिसळलेल्या पदार्थाचा असतो, तो जळून गेलेला असतो. सीओ रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी पटीने घट्ट चिकटतो. माणसाला डोके जड वाटते, गुंगी येते, आणि उठून दार उघडण्याचीही शक्ती राहत नाही.

म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती. ज्यांच्या घरी न्हाणीघरात गॅस गीझर असेल त्यांनी तो बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्यावा, आणि तोवर निदान झरोका उघडा ठेवावा, थंडी लागते म्हणून त्यात कापड कोंबू नये. डिसेंबर-जानेवारीत कोळशाची शेगडी झोपण्याच्या खोलीत ठेवून दार लावू नये. हिवाळ्यात अशा दुर्घटनांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि पान उलटतो. त्या बातमीमागचे समीकरण आपल्या मुलांच्या दहावीच्या वहीत आहे.

समीकरणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मुलांना वाटेल की अंक जुळले म्हणजे झाले. तांबे आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे समीकरण मी तुम्हाला छान जुळवून देते : सीयू + २ एचसीएल → सीयूसीएल२ + एच२. काय चूक आहे यात? मोजणीत काही नाही. पण तांब्याचा तुकडा या आम्लात टाकून बसा, हायड्रोजनचा एक बुडबुडा येणार नाही. जस्ताचा टाका, लगेच फसफसेल. कोणती अभिक्रिया घडते हे प्रयोग सांगतो. ती घडत असेल तर कोण किती, हे समीकरण सांगते. आणि किती वेळात घडते, हे तर दोन्ही बाजू पाहून मुळीच कळत नाही. लोखंड वर्षानुवर्षे गंजते, मॅग्नेशियमची फीत डोळ्यांचे पाते लवेपर्यंत जळते.

वेळेवरून आठवले. दिवाळीआधी घरे चुन्याने रंगवायची पद्धत आता बरीच कमी झाली, पण ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो सणसणून तापतो, रटरटतो. सीएओ + एच२ओ → सीए(ओएच)२. इथे काही जुळवावेच लागत नाही, फक्त कंस नीट वाचा : बाहेरचा २ हा ओ आणि एच दोघांचाही आहे. असा चुना भिंतीला लावला की पहिल्या दिवशी भिंत मळकटच दिसते आणि घरातली मंडळी रंगाऱ्याला बोल लावतात. दोन-तीन दिवसांत मात्र ती पांढरीशुभ्र चमकू लागते, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो : सीए(ओएच)२ + सीओ२ → सीएसीओ३ + एच२ओ. संगमरवर ज्याचा, तोच पदार्थ.

शेवटी प्रयोगशाळेबद्दल, आणि हे विशेषकरून विश्वस्त मंडळींनी वाचावे. नववीच्या मुलांकडून आम्ही एक प्रयोग करवून घेतला. बाटलीत व्हिनेगर, तोंडावर फुगा, फुग्यात खाण्याचा सोडा. वजन केले. सोडा आत पाडला, फुगा फुगला, पुन्हा वजन केले. काही आत आले नाही, बाहेर गेले नाही, तेव्हा वजन तेवढेच यायला हवे होते. तराजूने ग्रॅमभर कमी दाखवले! मुले माझ्याकडे बघू लागली. फुगा गळत असेल म्हणून दुसरा लावला, तरी तेच. मग एका मुलाने हळूच विचारले, "मॅडम, फुगा हवेत तरंगतो म्हणून तर नाही?" तेच कारण होते. लिटरभर फुगलेला फुगा लिटरभर हवा बाजूला सारतो, तिचे वजन एक ग्रॅमच्या थोडे वर भरते, आणि तेवढा आधार हवा फुग्याला खालून देते. पाण्यात बादली हलकी लागते तसे. मग आम्ही कोल्ड ड्रिंकची जाड प्लास्टिकची बाटली घेतली, अगदी थोडा सोडा कागदाच्या पुडीत बांधून आत टाकला आणि झाकण लगेच घट्ट लावले. या वेळी आकार बदलला नाही आणि वजनही बदलले नाही. (हा प्रयोग घरी करू नये, शिक्षकांसमोरच करावा. काचेची बाटली तर कधीच घेऊ नये.)

हा सगळा तास एका तराजूभोवती पस्तीस मुले उभी राहून झाला. मागच्यांना काही दिसत नव्हते. दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारे आणखी तीन तराजू मिळाले तर मुले गटागटाने स्वतः वजन करू शकतील. अंदाजपत्रक मी कार्यालयात दिले आहे.

विद्यार्थ्यांसाठी तीन समीकरणे देत आहे. सोपे : एफई२ओ३ + सीओ → एफई + सीओ२, भट्टीत खनिजापासून लोखंड असेच निघते. मधले : तापलेल्या लोखंडावरून वाफ गेली तर एफई + एच२ओ → एफई३ओ४ + एच२. अवघड, अकरावीच्या मुलांसाठी : सीयू + एचएनओ३ → सीयू(एनओ३)२ + एनओ + एच२ओ. यात नायट्रोजन उजवीकडे दोन ठिकाणी विभागला जातो, म्हणून अंदाजाने अंक बसवत गेलात तर गोल-गोल फिराल. प्रत्येक रेणूपुढे क, ख, ग अशी अक्षरे मांडून बीजगणिताने सोडवा. आणि हे तांबे आम्लात का विरघळले, हायड्रोक्लोरिकमध्ये का नाही, तेही विचारात घ्या. उत्तरे पुढच्या अंकात छापणार नाही. शनिवारी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेतच असते, वही घेऊन या. ज्या वडिलांचा उल्लेख वर केला आहे, तेही येऊ शकतात.

आपली,
प्राचार्या